मटार सोलतानाचा फोटो

घमापूर, जबलपूर
१२ डिसेंबर

प्रिय हेमू,

तुझा कालचा फोटो मिळाला. व्हिएतनामच्या बाजारातली ती म्हातारी, शेंगा सोलता सोलता हसते आहे आणि हसू लपवायला ओल्या हातानं तोंड झाकते आहे. खाली नेहमीप्रमाणे एक अक्षर नाही. जूनमध्ये पाठीवर ते भलंमोठं बोचकं घेऊन तू निघालीस, तेव्हापासून एकशे बारा फोटो आले. शब्द म्हणशील तर ‘पोचले’, ‘बरी आहे’ आणि ‘नेट नव्हतं’. आईच्या फोटोवरून आपल्यात जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, हे मला समजतं. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

फोनवर मराठी टाइप करायला घेतलं की एका ओळीत चहा गार होतो, म्हणून कागदावर लिहितो आहे. पानांचे फोटो काढून पाठवीन. सावली पडणार नाही, तेवढं अजून येतं मला. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा अक्षरही मोठं काढतो आहे. सावकाश वाच.

इकडे थंडी पडली. पाटनचा मटार बाजारात आला आहे, रस्ताभर हिरवे ढीग. स्टुडिओत आता पासपोर्ट फोटो तेवढे होतात, बाकी लोक आपापल्या फोनमध्येच काढतात. शेजारचे रामराव रोज संध्याकाळी येतात, चष्मा पुसून तुझे फोटो बघतात. न्हाव्याच्या खुर्चीत झोपलेला तो माणूस त्यांना इतका आवडला की तीनदा बघितला. मग मला विचारतात, “विचारून काढला का हो पोरीनं?” मी म्हणतो, नाही, आधी काढते आणि मग दाखवते. त्यावर ते म्हणतात, “अच्छा, म्हणूनच झोपला आहे.” तुझा उजेड चांगला असतो, हेमू. हे मी तुला कधी तोंडावर म्हटलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

तुझ्या आजोबांची गोष्ट तू अर्धीच ऐकली आहेस. डोमाजी भंडाऱ्याकडून इथं कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. जन्मभर अंगात खाकी सदरा. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो होता, खात्यातल्या चाळीस माणसांच्या ग्रुपमधला, त्यातही हनुवटी पुढच्या माणसाच्या टोपीमागं गेलेली. तो घेऊन मी श्यामसुंदरजींच्या स्टुडिओत गेलो. आठ दिवसांनी त्यांनी हातात ठेवला तो कोट-टायमधल्या एका रुबाबदार माणसाचा फोटो. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला तेव्हा माझी आई बघतच राहिली. म्हणाली, “साहेब दिसून राहिले.” आणि मग रडली. मला त्या दिवशीच वाटलं, हे काम आपण शिकायचं.

पुढं चाळीस वर्षं तेच केलं. लोक पाटनहून, मझौलीहून पिशवीत मळका फोटो घेऊन यायचे. भैया, पिताजी को कोट पहना दो. माझ्याकडे तीन कोट होते, काळा, करडा आणि तपकिरी. मागणी काळ्याला. घमापुरातल्या निम्म्या घरांत भिंतीवरचे म्हातारे माझ्याच एका कोटात बसले आहेत. मिटलेले डोळे मी उघडले, सुरकुत्या पुसल्या, तीळ, व्रण, देवीचे वण साफ केले. आधी बारीक ब्रशनं, नंतर कॉम्प्युटरवर. ज्यांना जिवंतपणी कोट शिवता आला नाही त्यांना तो घातला, याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

म्हणून तू माणसांना नकळत टिपायला लागलीस ते मला रुचलं नाही. केस विंचरायला, पदर सावरायला माणसाला वेळ द्यावा. न विचारता घेतलेला फोटो म्हणजे चोरी, असं मी म्हणायचो. तू म्हणायचीस, बाबा, विचारलं की माणूस निघून जातो आणि चेहरा तेवढा समोर बसून राहतो. मला ते शहाणपण वाटायचं, पुस्तकात वाचलेलं.

मग गेला जानेवारी. औषधांनी आईचे केस गेले होते. गच्चीवर उन्हात ती आणि नंदामावशी मटार सोलत बसल्या होत्या. टोपलीत दाणे कमी, आईच्या तोंडात जास्त. मावशी काहीतरी बोलली आणि आई अशी हसायला लागली की डोक्याचा रुमाल सरकून खांद्यावर आला, तिला पत्ता नाही. तू फोटो काढलास. मी जिन्यातच होतो. किती ओरडलो तुझ्यावर! काहून काढून राहिली असा फोटो, लोकं काय म्हणतील, आत्ताच्या आत्ता डिलीट कर, माझ्यासमोर. आई म्हणाली, “राहू द्या न हो, मला चालते.” मी तिचंही ऐकलं नाही. तू कॅमेऱ्याची बटणं दाबलीस आणि म्हणालीस, झालं. फेब्रुवारीत आई गेली.

स्टुडिओला कुलूप लावून मी चार दिवस तिचा फोटो करत होतो. सगळ्यांचे केले आणि तिचा दुसऱ्या कुणाकडून करून घेणार का? भिंतीवर लावल्यावर आलेगेले म्हणाले, किती सुरेख. तू दारातून बघितलंस आणि म्हणालीस, ही आई नाही. मी म्हणालो, चाळीस वर्षं काम करतोय, तुला काय कळतं यातलं. तू म्हणालीस, तुमच्या फोटोतली माणसं जिवंतपणी काढली तरी मेलेलीच दिसतात. पुढचं पाहुण्यांनीही ऐकलं. तुझ्याकडे बघून आईला वरून रडू येत असेल, असंही मी बोललो. ते शब्द मी परत घेतो. असे शब्द परत घेता येत नाहीत हे मला माहीत आहे, तरी घेतो.

कारण तुझं बरोबर होतं आणि ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. भिंतीवरचा तो फोटो मी आपल्या कुंदाच्या लग्नातल्या ग्रुपमधून घेतला. त्यात आईचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, आणि ती ज्या बाजूला बघते आहे ती बाजू आपल्या भिंतीवर दाराकडे आली असती. गेलेल्या माणसाचं तोंड दाराकडे नको, घरात हवं, असं श्यामसुंदरजींनी शिकवलं होतं. स्टुडिओत हे रोजचंच काम, मी फोटो उलटा केला, डावं उजवीकडे. नाकातली फुली पुसून पुन्हा डाव्या बाजूला काढली, पण पदराचं माझ्या लक्षातच आलं नाही. आई जन्मभर डाव्या खांद्यावर पदर घ्यायची, शेजारणींनी किती चिडवलं तरी बदलला नाही. भिंतीवर तो शेजारणींसारखा उजव्या खांद्यावर आला. इथं सगळ्या बायका तसाच घेतात, म्हणून कुणाच्या नजरेला खटकलं नाही. तुला खटकलं. मला दिसल्यावरही मी गप्प बसलो, कारण तुझ्यापुढं हरायचं नव्हतं.

बरोबर करून पुन्हा लावता आला असता. पण दहा महिने रोज सकाळी चहा घेताना मी तिच्याकडेच बघत आलो, हेमू, आणि आता डोळे मिटले तरी तीच समोर येते, गोरी, नितळ, उजव्या खांद्यावर पदर असलेली बाई. काल तुझी ती म्हातारी बघितली आणि किती दिवसांनी आई आठवली. हसतानाचा आवाज आठवला. टोपलीजवळचा हात आठवला. चेहरा यायला लागला आणि गालाशी येऊन अडला. आईच्या गालावर तीळ होता. तिच्या एकाही फोटोत तो सापडणार नाही, कारण लग्नातल्या फोटोपासून प्रत्येक वेळी मीच तो साफ केला. ती म्हणायची, राहू द्या न एकदा. आधार कार्डावर नुसता काळा धब्बा आहे. मी आरशापुढं उभा राहून या गालावर बोट ठेवून बघितलं, मग त्या गालावर. अडतीस वर्षं संसार केला आणि तीळ कोणत्या गालावर होता ते मला आठवत नाही. नंदामावशीला हे कोणत्या तोंडानं विचारू?

भिंतीवरचा फोटो काल उतरवून ठेवला. फेब्रुवारीत आईला वर्ष होईल, तोवर ती जागा रिकामी राहील. मी आयुष्यात एकही निगेटिव्ह फेकली नाही, बिघडलेलीसुद्धा नाही. तू माझी मुलगी आहेस. त्या दिवशी गच्चीवर तू मला ‘झालं’ म्हणालीस ते खोटं असावं, अशी आशा धरून हे पत्र लिहितो आहे. तो फोटो असेल तर मला देशील का? डोकं उघडं असू दे, तोंडात मटार असू दे, मी ब्रश लावणार नाही, तसाच मोठा करून लावीन. विचारल्याशिवाय घ्यायचा नाही हा माझाच नियम, म्हणून विचारतो आहे. आणि खरंच पुसला असशील तर तो दोष माझा, तुझा नाही. मग फोटो नको. सहा महिने धड शब्द पाठवला नाहीस, आता एकच पाठव. डावा, की उजवा.

तुझाच,
बाबा