सूर्याकडं धरलेला नकाशा

बाई, काल सांजच्याला ताईची पोरगी हरवली होती. सापडली, पण माझं काळीज अजून जागेवर नाही, आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही. शाळेनंतर आपली गाठ नाही, तुम्ही देवाघरी गेल्याचंसुद्धा मला लई उशिरा कळलं. तेव्हा मी गंगापूरकडं जीपच्या टपावर सामान चढवायचो, की त्याच्या आधी रसवंतीवर होतो, आठवत नाही. माझं असंच. कुठं टिकलो तर शपथ.

सध्या पडेगावात ताईच्या नव्या बिऱ्हाडात पडलोय, वस्ती पोरीलाही अजून नवीच. ताई-दाजी सकाळीच कंपनीत जातात. पोरगी सहावीत. सुट्टीत घरी करायचे उपक्रम शाळेनं मोबाइलवर पाठवलेत: बी रुजवा, घरातली भांडी मापा, वस्तीचा नकाशा स्वतः फिरून काढा. ताई जाताना म्हणाली, "तुझ्या भरवशावर सोडून चाललेय. तुझ्यासारखी करू नको तिला, म्हणजे झालं." हसत म्हणाली, पण म्हणाली. बी काही रुजेना, कारण आम्ही दोघं ते सारखं उकरून बघत होतो.

नकाशा मात्र मला येतो असं वाटलं. आम्हा मेंढरंवाल्यांच्यात दिशा म्हणजे उगवती. तिकडं तोंड केलं की बाकीच्या आपोआप लागतात. म्हणून सकाळी पोरीला दारात उभी करून सांगितलं, कागदाचा माथा सूर्याकडं धर, कधी चुकायची नाहीस. गिरणी, किराणा, सगळं बरोबर बसलं. माथ्याकडची पाण्याची टाकी तेवढी राहिली, ती उन्हं कलल्यावर करू म्हटलं.

उन्हं कलली तेव्हा मी शेजाऱ्याच्या गाडीचा कार्बोरेटर उघडून बसलो होतो. टाकी मी एकटीच काढून येते मामा, म्हणाली. जा की, म्हणालो. मान वर केली नाही.

टाकी हाकेच्या अंतरावर. कार्बोरेटर बसला, हात धुतले, तरी ती नाही. पळत गेलो तर तिथल्या बायकांनी पोरगी पाहिलीच नव्हती. हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की मान तिकडं वळायची आणि डोळे मिटायचे. ताईची यायची वेळ होत आलेली. पळून जावं, असंसुद्धा मनात आलं, बाई. ते मला जमतं.

आणि त्या टाकीखाली तुम्ही आठवलात. लासूरची शाळा, तापलेला पत्रा. गावाचा नकाशा घरून काढून आणायला तुम्ही सांगितलंय आणि मी उगवती वर ठेवून आणलाय. पोरं हसतायत. तुम्ही हसत नाही. कागद हातात घेऊन उलटा फिरवता आणि म्हणता, "सकाळी हा नकाशा खरा आहे रे. संध्याकाळी याच्यावर घरी कसा येशील?"

संध्याकाळच होती. सूर्य मावळतीला, आणि पोरीला मी सूर्याकडं माथा धरायला शिकवलेलं.

मग उलटा पळालो, दौलताबादच्या रस्त्यानं. घरं संपतात तिथं पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर ती बसली होती, कागद मांडीवर, तोंड उन्हाकडं. पंक्चरवाले चाचा म्हणाले, "टंकी पूछरी बच्ची. इधर तो टंकीच नै. बिठाया मैं, बोला कोई तो आयेगा."

तिनं मला बघितलं. "मामा, टाकी कुठं गेली?"

कागद घेतला आणि तुमच्यासारखा उलटा फिरवला. ती कागदाकडं बघत राहिली, मग मावळत्या सूर्याकडं, मग माझ्याकडं.

"म्हणजे टाकी तिथंच हाय. सूर्यच इकडं आला."

व्हय, म्हणालो. माथा खरा उत्तरेकडं धरायचा, ती उद्या शोधू, असंही बोलून बसलो. घर येईस्तोवर तिचा हात सोडला नाही. दुखतंय मामा, म्हणाली, तरी नाही.

जेवताना तिनं सगळं ताईला गंमत म्हणून सांगून टाकलं. ताईचा हात ताटावरच थांबला. माझ्याकडं बघितलं, मग पोरीचं ताट स्वतःजवळ ओढून घेतलं. पोरगी मात्र म्हणत होती, उद्या मामा मला उत्तर दिशा शोधून दाखवणार, सूर्य नसला तरी.

तुम्हाला हे पाठवायचं कुठं, ते काही कळत नाही, म्हणून इथंच सांगतो. त्या दिवशी पोरं हसली म्हणून मधल्या सुट्टीत मी रागानं मेंढरांमागं निघून गेलो होतो. सूर्य नसताना उत्तर दिशा कशी शोधायची, ते तुम्ही त्यानंतर शिकवलंत, बाई. मला येत नाही. आणि आज सकाळपासून आभाळ आलंय.