कस्टर्डच्या वाटीतली मेणबत्ती

मांय, गेल्या रविवारी मी वीस बायकांसमोर उभी राहून मेणबत्त्या कशा करू नयेत ते सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, पण उदाहरणं सगळी तुझीच होती. गावातल्या बचत गटाला आता मेणबत्त्या करायच्या आहेत, त्याही वापरलेल्या भांड्यांत: कान तुटलेले कप, जॅमच्या बाटल्या, करवंट्या. मालवणला येणारे पर्यटक असल्या वस्तू हौसेने घेतात म्हणे. फुटका कप नुसता ठेवला तर दळिद्र आणि त्यात मेण ओतलं की कलाकुसर, हे शहाणपण मला समजत नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. मला बोलावलं, कारण मी केमिकलचा डिप्लोमा केलाय, गोव्यातल्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, आणि मुख्य म्हणजे मी तुझी मुलगी आहे. "आवशीचो हात आसतलोच तुका," गटाची अध्यक्ष म्हणाली. मी पिशवीतून थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला.

तुझी पद्धत मला पाठ आहे. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव चर्चमागच्या कबरींवर मेणबत्त्या लावायचं आणि दुसऱ्या सकाळी तू पत्र्याचा डबा घेऊन उरलेली थोटकं खरवडायला जायचीस. आपल्या कबरीवरची आणि इतरांच्याही. फादरनी परवानगी दिली आहे, हे तू ज्याला त्याला सांगायचीस, म्हणजे ज्याने त्याने विचारलेलं असायचं. शाळेत मुली मला विचारायच्या, "तुमच्या घरात मेल्यांचो उजेड पडता मा गो?" थोटकं माती-काड्यांसकट डब्यात, डबा थेट गॅसवर, धूर निघाला की मेण तयार. वातीला सुतळी. रंगाला माझे तुटलेले मेणखडू. खडूचा रंग वातीत अडकतो, ज्योत गुदमरते, म्हणून तू वात जाड करायचीस. जाड वातीची ज्योत मोठी, मोठ्या ज्योतीने काच तापते. एक चूक झाकायला दुसरी, याला तू अनुभव म्हणायचीस. नववीत मी हे तुला समजावून सांगितलं, तर म्हणालीस, "पुस्तकाक इचारून चूल पेटवतंस काय गो?" आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस. डिप्लोमाला हॉस्टेलवर निघाले तेव्हा लोणच्याच्या बाटलीतली एक मेणबत्ती माझ्या बॅगेत कोंबलीस. झाकणाला अजून मेथीचा वास होता. सावंतवाडीच्या स्टँडवर मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही, तेव्हाही आणि आताही.

पण या पत्राचं कारण ती बाटली नाही, कस्टर्डची वाटी आहे. मी सातवीत होते. पलीकडच्या वाडीतल्या मावशीचा नवरा जाऊन वर्ष होत होतं आणि तिच्या घरच्या क्रूसाच्या आल्तारापुढे लावायला तू मेणबत्ती कबूल केली होतीस. कुणाच्या तरी फुटलेल्या कस्टर्डच्या संचातल्या उरलेल्या तीन काचेच्या वाट्या तू मागून आणल्या होत्यास. धुतल्यास, ओल्या फडक्याने पुसल्यास, थंड लादीवर मांडल्यास आणि धुरकटलेलं मेण ओतलंस. पहिली तिथेच तडकली. दुसरीचा तळ थोड्या वेळाने सुटून आला. काचा मी झाडल्या. तिसरी उभी राहिली. तू ती हातात फिरवलीस, "ही बरी आसा," म्हणालीस आणि वर्तमानपत्रात गुंडाळलीस. संध्याकाळी मावशीने ती पेटवली आणि भात बघायला आत गेली. वाटी फुटली, वितळलेलं मेण आल्तारावरच्या लेसच्या कापडावर पसरलं, कापड पेटलं, त्यासोबत कागदी फुलं आणि तिच्या नवऱ्याचा एकुलता एक मोठा फोटो. तिने पोतं मारून आग विझवली. आपण धावत पोचलो. तू काचांकडे बघितलंस, मग खिडकीकडे.

"खिडकी उघडी होती काय गो?"

"होती."

"मगे? वारो इलो आसतलो."

"मियाच उघडी ठेयलंय," मावशी म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. एकाच दुपारी तीनपैकी दोन वाट्या फुटलेल्या तू पाहिल्या होत्यास. तिसरी का फुटली हे कळायला डिप्लोमा लागत नाही. तरी तू रात्रीपर्यंत तिचा हात हातात धरून बसलीस. खोटं बोललीस ते मी समजू शकते, घाबरलेली माणसं खोटं बोलतात. तो हात धरणं मात्र मला आजही किळसवाणं वाटतं.

त्यानंतर मावशीने आल्तारापुढे ज्योत लावली नाही. तिथे लाल विजेचा दिवा असतो. ती खिडकीही तिने कधी उघडली नाही, एप्रिलमध्येसुद्धा. लोक तिच्या घराला भट्टी म्हणतात. रविवारी ती पहिल्या रांगेत बसली होती. मी सांगितलं: काच उजेडात धरून बघा, रेघ दिसली तर टाका. कोमट पाण्यात ठेवा, कोरडी पुसा. मेण पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, उतरवा, पासष्ट अंशांवर आल्यावर ओता. वात बारीक. "म्हणजे हिच्या आवशीन केल्यान ता सगळा उलटा!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉलभर हशा झाला. मीही हसले. मावशी हसली नाही. बायका गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"चेडवा, एक सांग माका. खिडकी बंद आसती तरी ती वाटी फुटली आसती?"

"हो."

"वाऱ्यान नाय?"

"नाही, मावशी. काच खराब होती."

ती खुर्चीत बसली. "पंधरा वर्सां घोवाची माफी मागतंय मी," ती म्हणाली. "आणि घामान मरतंय ता वेगळाच." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुझ्या आवशीक ठावक नाय होता, बिचारी. आसता तर ती गप रवली नसती."

मी थर्मामीटर पुसून पेटीत ठेवला. माझं वाक्य अचूक होतं. काच खरोखरच खराब होती. प्रयोगशाळेच्या अहवालात एवढं लिहिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. जाताना मी सगळं सांगायचं ठरवून गेले होते: तीन वाट्या, दोन फुटलेल्या, आणि तुला ठाऊक होतं. परतताना वाटलं, मेलेल्या माणसाची लाज राखली. दोन दिवस मी या समजुतीत काढले. तू जाऊन अकरा वर्षं झाली, तुला हे पाठवायला पत्ता नाही. मावशीच्या दाराखालून आत सरकवलं तर तिला वाचता येतं, म्हणून तिथेही मी ते सरकवणार नाही.

कारण ती वाटी तिच्याकडे मी नेली होती. वाटेत कागद सोडून मी ती उन्हात धरली. तळापासून काठापर्यंत केसाएवढी रेघ होती, मला स्पष्ट दिसली. परत फिरायचं तर दुकानाच्या ओट्यावर माझ्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या. मागून आणलेली वाटी घेऊन त्यांच्यासमोरून एकदा जाऊन झालं होतं, दुसऱ्यांदा जायचं नव्हतं. मी कागद नीट गुंडाळला आणि मावशीचं दार वाजवलं.