सत्त्याण्णव रात्रींचा बिल्ला

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (पाठ धरल्यामुळे निम्माच वाकलोय, उरलेला भेटीत). तुझा खोकला कसा आहे? दाजींचा गुडघा जिना चढू देतो की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? गोळ्या घेत नसतील तर मी विचारत होतो म्हणून सांग. माझं ते ऐकत नाहीत, पण माझ्यावर चिडून का होईना, गिळतात. इकडे सगळे खुशाल. हिची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. दुकान बरं चाललंय. लोकांच्या पाठी दुखतात तोवर गाद्या विकणाऱ्याला मरण नाही.

पत्रास कारण असं की यंदा विभागीय मेळाव्याचं यजमानपद आमच्या स्काउट पथकाकडे आलंय. पुढच्या महिन्याच्या शेवटी, शुक्रवार ते सोमवार, तीन रात्री, अकरा पथकं, आणि जागा नेहमीचीच, म्हणजे तुझ्या परसामागचं मैदान. गाठींची शर्यत आहे, चुलीवरचा स्वयंपाक आहे, होकायंत्र घेऊन वाट शोधणं आहे. आमची कार्टी सध्या जोरात आहेत. प्रथमोपचाराच्या परीक्षेत आठच्या आठ पास झाली. त्यांनी परीक्षकांच्या धडधाकट हाताला अशी काही पट्टी बांधली की ती सोडवायला त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. पण गुण बांधण्याला असतात, सोडवण्याला नसतात, असं मी तिथल्या तिथे नियम काढून दाखवलं.

गाडी अडलीये ती तंबूंवर. आमचे तंबू पथकाइतकेच जुने, म्हणजे एकोणीस वर्षांचे. आत आडवं पडलं की तारे मोजता येतात (ताऱ्यांचा बिल्ला आमच्या पोरांना इतक्या लवकर मिळतो तो त्यामुळेच). मेळाव्यात पाहुण्यांसमोर ही लक्तरं उभारायची कशी? म्हणून तंबूनिधी काढला. आधी गाड्या धुवायचा कार्यक्रम ठेवला. पोरांनी वकीलसाहेबांची गाडी आतूनही धुतली, पाइप लावून. मग रद्दी गोळा करायला निघालो, तर शाळेच्या कार्यालयाबाहेर ठेवलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच ढकलगाडीत आले, तेही न तपासलेले. कल्पना कोणाची, ते मी विचारलं नाही. स्काउट खरं बोलतो, आणि मला त्या दिवशी खरं ऐकायचं नव्हतं. गठ्ठे परत केले, मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली, आणि निधीच्या डब्यात खडखडाट तो खडखडाटच राहिला.

अशात तयारी पाहायला आमच्या विभागप्रमुख बाई आल्या. तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी राहतात त्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरं त्यांना शिट्टीबाई म्हणतात (मीही म्हणतो, पण हळू). त्यांनी आमची शिबिरांची वही मागितली. पानं उलटता उलटता एकदम थांबल्या, चष्मा पुसला आणि उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, रद्दीचं प्रकरण कळलं. तर त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, सर, तुमच्या तंबूतल्या सत्त्याण्णव रात्री झाल्यात! मेळाव्यातल्या तीन धरल्या की शंभर. शंभर रात्रींचा बिल्ला आपल्या विभागात आजवर कोणालाही मिळालेला नाही!

ताई, आता हस. पोटभर हसून घे, मी थांबतो.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण कबुलीजबाब अर्धा लिहिला तर तो अर्ज होतो. एकोणीस वर्षांत मी तंबूत एकही रात्र काढलेली नाही. पहिल्या शिबिराला तासभर पडून पाहिलं. पाठीखाली एक दगड होता, तो काढला तर त्याखाली त्याचा थोरला भाऊ निघाला. उठलो, कुंपणातून तुझ्या परसात आलो आणि मागच्या खोलीतल्या पलंगावर झोपलो. गादी माझ्याच दुकानची, म्हणून चोरी वाटली नाही. त्यानंतर दर शिबिराला तेच. आता वहीचं म्हणशील, तर आमच्या पथकाचा नियम असा की झोपायची शिट्टी झाल्यावर कोणी कोणाच्या तंबूत डोकवायचं नाही. वही सांभाळणाऱ्या पोराने नुसते बाहेर काढून ठेवलेले बूट मोजायचे. बुटांचा एक जोड, वहीत एक रेघ. मी येताना चपलांवर यायचो आणि बूट तंबूबाहेर ठेवायचो. वर्षाला पाच रात्री, आणि एका वर्षी परतीची बस आली नाही म्हणून दोन जास्त. तेव्हा बिल्ला खरा माझ्या बुटांना मिळायला हवा. ते बिचारे दवात भिजलेत.

मी बाईंना तिथेच सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण वही सांभाळणारी आमची टिपणीस (तेरा वर्षांची आहे, खरं नाव तिची आईसुद्धा विसरली असेल) वही छातीशी धरून अशी उभी होती, जणू बिल्ला तिलाच मिळाला. माझं तोंड आपोआप मिटलं. तेवढ्यात शिट्टीबाईंना कल्पना सुचली. मेळाव्यात मी तंबूत काढीन त्या प्रत्येक रात्रीमागे गावातल्या लोकांनी तंबूनिधीला देणगी बोलायची! आठवड्याभरात गावभर माझे फोटो लागले. पाववाला बोलला, न्हावी बोलला, आणि गाडी आतून धुतलेले वकीलसाहेबही बोलले (मी रात्री पळून गेलो तर दुप्पट वसूल करीन, असंही बोलले). तीन रात्री पुऱ्या झाल्या तर नवे बारा तंबू येतात. एक जरी चुकली तर पोरं पुढचं वर्षही तारेच मोजणार.

म्हणून मी मनावर घेतलं. रविवारी दुकानात, गाद्यांच्या दोन थप्प्यांमधल्या फरशीवर तंबू ठोकला आणि सरावाला आत जाऊन पडलो. फरशीत खुंट्या कशा जाणार, म्हणून दोर गाद्यांच्या थप्प्यांना बांधले होते. दुपारी एक आजीबाई आल्या. ही गल्ल्यावर होती. आजीबाईंनी नेमकी माझ्या दोराचीच गादी पसंत केली, आणि हिने, मी आत आहे हे पक्कं ठाऊक असताना, ती ओढून काढली. तंबू माझ्यावर, तंबूवर थप्पी, आणि थप्पीवर आजीबाई, कारण त्यांना गादी दाबून पाहायची होती. मी खालून ओरडलो. आजीबाई म्हणाल्या, गादी कुरकुरते, दुसरी दाखवा. ही म्हणते, हसू आवरेना म्हणून बाहेर काढायला उशीर झाला. पाठ धरलीये ती तेव्हापासून.

पण ताई, माझा निश्चय पक्का आहे. या तीन रात्री मी तंबूत काढणार म्हणजे काढणारच. तू फक्त एक कर. त्या तिन्ही रात्री मागच्या दाराला आतून कडी घाल. मी हाका मारीन, रडीन, लहानपणी तुझ्यावाटचा मार खाल्ल्याची आठवण देईन, उघडू नकोस. दाजींना तर कडीला हातही लावू देऊ नकोस, ते मऊ आहेत.

दोघांनी प्रकृतीला जपा. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, पण टिपणीस दुकानात आली म्हणून परत उघडलं. तिला पाहिलं आणि मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. वाटलं, पोर रडेल. ती म्हणाली, "सर, ते आम्हाला माहितीये." मी म्हटलं, काय माहितीये? "तुम्ही मावशींकडे झोपता ते." मग म्हणाली, "कुंपणापाशी चर आहे ना, त्याच्यावर फळी आम्हीच टाकतो. तुम्ही अंधारात पडाल म्हणून. सकाळी काढून घेतो." ताई, मी एकोणीस वर्षं समजत होतो की ती फळी तुझी. दर टिपणीस वही पुढच्याच्या हवाली करताना फळीही हवाली करतो, आणि दर शिबिराला 'रोज एक सत्कृत्य'च्या रकान्यात कोणीतरी लिहितं, 'सरांना पलीकडे पोचवलं.' मी त्या रकान्याखाली इतकी वर्षं सह्या केल्यात. वाचला एकदाही नाही. पहिला टिपणीस आता दातांचा डॉक्टर आहे. मागच्या महिन्यात माझी दाढ काढताना गालातल्या गालात हसत होता, तो का, ते आज कळलं. मला फार लाज वाटली, आणि खरं सांगू, फार बरंही वाटलं.

ता. क. २. टिपणीस म्हणते, वहीत खोटं काही नाही, बूट खरोखर तिथेच होते, पण बिल्ला मात्र घेऊ नका. यंदापासून रात्री नव्याने, पहिलीपासून मोजू. तेव्हा सोबतचं बंद पाकीट शिट्टीबाईंना नेऊन दे. त्यात सगळं खरं लिहिलंय. मी स्वतः दोनदा निघालो होतो, दोन्ही वेळा न्हाव्याच्या दुकानापर्यंत जाऊन दाढी करून परत आलो. हे पत्र लिहायचं खरं कारण ते पाकीटच. आधीची चार पानं हिंमत गोळा करण्यात गेली. देणग्यांची काळजी करू नकोस. वकीलसाहेबांना टिपणीसकडून कळलंच, तर ते म्हणाले, आता तर तिप्पट बोलतो, कारण आता तुम्ही नक्की पळणार.

ता. क. ३. कडीचं मी वर जरा आवेशात लिहून गेलो. घालू नकोस, दार नुसतं लोटून ठेव. मी येणार नाहीच, पण माणसाला दार उघडं आहे म्हटलं की झोप चांगली लागते. फक्त, यंदा फळी टाकायची नाही असं पोरांनी एकमताने ठरवलंय. दाजींकडे सहा फुटांची एखादी फळी असेल का?