मुळाचा शेवट

बाबा, मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. काकींच्या अक्कलदाढेची फिल्म धुरकट आली होती, असं लिहिलं होतं. ती स्वच्छ आली होती. फक्त मुळाचा शेवट फिल्मच्या कडेबाहेर राहिला होता, आणि ते मला तेव्हाच दिसलं होतं.

गिरणी संपाचं वर्ष. मुलुंडच्या आपल्या घराची पुढची खोली म्हणजे दवाखाना, आणि एक्स-रे धुवायला खिडकीवर काळं कापड लावलेलं न्हाणीघर. दातांच्या कॉलेजात जायच्या आधीच तुम्ही मला फिल्म वाचायला शिकवलंत. "वर दिसतो तो दाताचा चेहरा, स्वभाव खाली असतो," म्हणायचात. मूळ सरळ असेल तर दात ओढून निघतो. टोकाशी गळासारखं वळलेलं असेल तर कापून, तुकड्यांनी काढायचा. म्हणून शेवट आणि त्याखाली नखभर हाड दिसल्याशिवाय फिल्म पुरी नाही.

समोरच्या चाळीतल्या मालवणी काकी खुर्चीत होत्या. फिल्मचं पाकीट तोंडात त्यांनीच बोटाने दाबून धरायचं. त्यांना उमासा आला, बोट सरकलं. "गे बाय, ह्या गिळूचा काय?" त्या म्हणाल्या, तुम्हीही हसलात. पण त्या आठवड्यात माझ्या दोन फिल्म वाया गेल्या होत्या, आणि तुम्ही बोलला होतात, "पेशंटचं तोंड म्हणजे काय पोस्टाची पेटी आहे, पुन्हा पुन्हा पाकीट टाकायला?"

मी न्हाणीघराच्या दारात ओली फिल्म धरून उभी आहे. तुमचं इंजेक्शन देऊन झालंय. "शेवट दिसतोय?" तुम्ही विचारता. "हो," मी म्हणते. "तू बघितलंस ना? मग झालं."

नंतर तो आवाज, वाळकी काडी मोडावी तसा. तुम्ही बराच वेळ शोधलंत आणि थांबलात. "वहिनी, माझा हात चुकला. टोक आत राहिलं." फिल्म तुम्ही मागितलीच नाहीत. त्यानंतर अवघड दात दुसऱ्यांकडे पाठवू लागलात. चहा पिताना हात पुढे धरायचात, "बघ गं, थरथरतो का?" मी नाही म्हणायचे. तेवढंच खरं बोलले. दीड वर्षात तुम्ही गेलात.

आता त्या खुर्चीपाशी मी उभी असते. अजून फिल्म धुताना तुमचा प्रश्न ऐकू येतो, आणि रिकाम्या न्हाणीघरात मी "दिसला" असं मोठ्याने म्हणते. या शुक्रवारी काकी गाल सुजवून आल्या. "मी तुझ्या बापाशीक कधी बोल लावलंय नाय हां," त्या म्हणाल्या. "वय झाल्यार हात थरथरताच." मी नवी फिल्म काढली. तांदळाएवढा गळ, तिथेच आहे. सूज उतरायला गोळ्या दिल्या आणि मंगळवारी या म्हणाले.

जुनी फिल्म मी टाकलेली नाही. तुमच्या चष्म्याच्या डबीत आहे; हे पत्रही घडी करून तिथेच ठेवीन. मंगळवारी सकाळी साडेदहाला, सुई हातात घेण्याआधी, दोन्ही फिल्म काकींना दाखवून सांगणार आहे की चुकला तो हात तुमचा नव्हता. खरं तर त्या समोरच राहतात, उद्या जाऊनही सांगता येईल. पण मी मंगळवारच धरलाय, मला मध्ये एखादा दिवस मिळावा म्हणून.