धुतलेली अंडी

बाबा, आज सकाळी अंड्याचा पोळा केला आणि तुझी आठवण झाली, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. पोळा मी दर रविवारी करते आणि दर रविवारी काही तू आठवत नाहीस. गेल्या रविवारी मात्र एक गोष्ट घडली, म्हणून लिहायला बसले. तुला अहो-जाहो करणार नाही. सहावीत असताना बाईंनी सांगितलं होतं, वडिलांना अहो म्हणावं. मी घरी येऊन तसं म्हटलं, तर तू मागे वळून बघितलंस आणि म्हणालास, "कोनाला बोलतेस गं, पाठी कोन हाय?" तेव्हापासून तू तो तूच.

त्याच वर्षीची गोष्ट. आपण पूर्ण्याला राहायचो, तू सायकलवरून भिवंडीत लूमवर जायचास, आणि त्या महिन्यात तुझी रातपाळी होती. आई बाळंतपणाला वडप्याला, तिच्या माहेरी गेलेली. जाताना तिनं मला चूल दाखवली, तांदळाच्या भाकरीचं पीठ किती उकडायचं ते सांगितलं, आणि शेवटी हाताला धरून कोपऱ्यातल्या टोपलीपाशी नेलं. आदल्या साली कोंबड्यांत मर आली होती आणि तीनच उरल्या होत्या. त्यातली एक खुडूक झाली म्हणून आईनं तिच्याखाली उबवायला अकरा अंडी ठेवली होती. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ. बाकीच्या दोघी लबाड, मुद्दाम त्याच टोपलीत येऊन अंडी घालायच्या. म्हणून आईचा नियम असा की खुडूक दिवसातून एकदा दाणे टिपायला खाली उतरली की बघायचं, बिनरेघेचं अंडं काढून घ्यायचं, रेघेच्या अंड्याला हात लावायचा नाही. किती सोपं! पाच वर्षांच्या पोरालाही जमेल.

आणि शेजारी आत्या होती. तुझी थोरली बहीण, नवरा लवकर गेलेला, जिभेला हाड नाही पण मनानं वाईट नव्हती, हे मला आता कळतं. तिचं म्हणणं एकच, की घरात तान्हं मूल येतंय, आता पोरीनं शाळा सोडून चूल धरावी. तू हो म्हणाला नव्हतास, नाही म्हणाला नव्हतास. आई परत येईपर्यंत बघू, एवढंच म्हणाला होतास. म्हणजे तो महिना माझी परीक्षाच होती. घर नीट चाललं तर शाळा चालू, नाहीतर चुलीपुढे. आत्या रोज सकाळी काहीतरी मागायच्या निमित्तानं यायची, कधी विस्तव, कधी मीठ, आणि तिचे डोळे सगळीकडे फिरायचे.

मला ती परीक्षा पहिल्या नंबरानं पास व्हायचं होतं, बाबा. तू सकाळी सातला यायचास, केसांत कापसाचा भुगा, डोळे लाल. झोपायच्या आधी तुला पोटभर लागायचं, आणि भाजी करायला मला वेळ नसायचा. म्हणून अंडी. एक दिवस पोळा, कांदा-मिरची भरपूर घालून आणि चमचाभर तांदळाचं पीठ, म्हणजे दोन अंड्यांत ताटभर व्हायचा. दुसऱ्या दिवशी रात्रीची भाकरी कुस्करून कांद्यावर परतायची आणि वरून अंडी फोडायची. तू म्हणायचास, हाटेलवाल्याच्या तोंडात मारेल असं झालंय. मी आणखी फुगायचे.

फुगले ती चांगलीच फुगले. शाळेत आरोग्याच्या तासाला बाईंनी शिकवलं की अंड्याच्या कवचावर घाण असते, ती धुऊन घ्यावी. दुसऱ्या दिवशी उजाडताच खुडूक दाणे टिपायला उतरली आणि मला टोपलीतली अंडी दिसली, शेण लागलेली, काळी काळी. मी सगळीच्या सगळी घमेल्यात घेतली आणि कोमट पाण्यानं चोळून चोळून धुतली. काय चकचकीत झाली! पुसून पेंढ्यावर मांडली आणि लांबून बघत राहिले. मग त्यातली खायची कुठली म्हणून हात पुढे केला, आणि तसाच राहिला.

रेघा घमेल्यातल्या पाण्यात होत्या. अंडी होती चौदा, सगळी सारखीच पांढरी.

शहाणीनं गप्प बसावं ना? पण तुझी यायची वेळ झाली होती, तव्यावर तेल तापलं होतं. मी अंदाजानं दोन उचलली. पहिलं चांगलं निघालं. दुसरं तव्यावर फोडलं तर रक्त, आणि त्यात एक काळा ठिपका. तो ठिपका हलल्यासारखा वाटला. मी किंचाळले असणार, कारण तू सायकल अंगणात आडवी टाकून आत आलास आणि तुझ्या पाठोपाठ पदर खोचत आत्या.

आत्यानं तवा बघितला, टोपली बघितली, आणि तिला सगळं कळलं. तिनं विचारलं, रेघा कोणी पुसल्या. मला तर रडूही येईना. डोळ्यांपुढे दप्तर दिसायला लागलं, खुंटीला लावलेलं, कायमचं. आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालास,

"मीच धुतली, काल. हाताला कोलसा लागत होता."

आत्या कपाळावर हात मारून खालीच बसली. तुझी अक्कल काढली, तुझ्या बापाची काढली, जो तिचाही बाप होता. पुरुषाच्या जातीला टोपलीपाशी कोणी पाठवलं म्हणून विचारलं. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मला ती एक शब्द बोलली नाही. उलट जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, पोरी, तूच लक्ष ठेव गं याच्यावर.

ती गेल्यावर तू दार लोटलंस. कौलाच्या फटीतून कवडसा पडायचा तिथे उकिडवा बसलास आणि एकेक अंडं त्या उजेडात धरून फिरवून बघायला लागलास, कारखान्यात कापडात तुटका दोरा बघायचास तसं. आत लाल जाळं दिसलं की ते पेंढ्यात, स्वच्छ दिसलं की माझ्या ओटीत. मलाही एक धरायला लावलंस. ते जाळं मी पहिल्यांदा बघितलं, आणि मग मात्र रडले. तू रडू दिलंस. दहा अंडी परत टोपलीत ठेवली, खुडूक फुरफुरत येऊन बसली. मग तवा राखेनं घासून तू स्वतः चुलीपुढे बसलास. एक वाटी घेतलीस आणि सांगितलंस, "कधी बी पैलं वाटीत फोड. मंग तव्यात." तेवढीच काय ती बोलणी खाल्ली मी. पोळा दोघांनी खाल्ला, आणि तू मला म्हणालास, शाळेची वेळ झाली, जा.

दहापैकी सात पिल्लं निघाली. आई भावाला घेऊन आली तेव्हा ती अंगणभर पळत होती. माझी शाळा चालू राहिली, पुढे मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलं, आरोग्याचा धडासुद्धा शिकवला. आपल्या घराच्या जागी आता गोदाम आहे. आणि तू मात्र जन्मभर अंडी धुणारा राहिलास. आई ती गोष्ट येईल-जाईल त्याला सांगायची. माझ्या लग्नात तिनं माझ्या सासूला सांगितली, सगळा मांडव हसला. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू तळहातावर तंबाखू मळत होतास, आणि हसत होतास. तुझ्या दहाव्याला आत्या तीच गोष्ट सांगता सांगता रडली. तेव्हाही मी बोलले नाही. मग आत्या गेली, आई गेली. आता शाळेतून काढणारं कोणी नाही, बाबा. मी सत्तरीला आले.

गेल्या रविवारी भाऊ आला होता, त्याच्या सुनेला घेऊन. नाश्त्याला पोळे करत होते. त्यानं तुझी गोष्ट रंगवून सांगितली, त्याच्या जन्माच्या आधीची, जणू तो तिथेच उभा होता. सून हसून हसून लाल झाली आणि मला म्हणाली, "आत्या, तुम्ही तर होता ना तिथं? खरंच आजोबांनी धुतली?"

माझ्या हातात वाटी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी अंडं फोडलं, वाटीत बघितलं आणि म्हटलं, हो गं, त्यानंच धुतली.