स्वीडनची काच आणि घरातला वास

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत, उरलेली दोन टेकली असं समजावं.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? माझी तब्येत ठणठणीत. जेवतो, झोपतो, आणि ही गेल्यापासून घरातली फुलंही मीच लावतो. या तिसऱ्या उद्योगामुळे पहिल्या दोन्हींचं खोबरं झालं आहे.

तुम्ही हिच्यासाठी, तुमच्या धाकट्या बहिणीसाठी, स्वीडनहून आणलेली काच (एक पारदर्शक फुलदाणी, एक निळी आणि एक पसरट बाऊल) देखणी आहे, यात वाद नाही. पण ती घडवणाऱ्याचं फुलांशी काहीतरी वाकडं असावं. पारदर्शक फुलदाणी उचलायला दोन हात लागतात आणि आत पाणी मावतं कपभर. बाकी सगळा नुसता तळ. तोंड इतकं अरुंद की दोन-तीन देठ जेमतेम शिरावेत. मी अख्खी जुडी कोंबली. फुलं दवाखान्यात ताटकळलेल्या माणसांसारखी एकमेकांवर रेलली आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी माना टाकल्या. मग त्या पसरट बाऊलमध्ये फुलं नुसतीच तरंगत सोडली, तर समाचाराला आलेल्या शेजाऱ्यांनी बिस्किटं खाऊन त्यात बोटं बुचकळली. वर "वहिनींनी सगळी सोय करून ठेवलीय हो!" म्हणत त्याच ओल्या बोटांनी डोळे पुसले. मला हसू फुटलं ते आवरेना. त्यांना वाटलं मी रडतोय. तेही अगदीच चूक नव्हतं.

पुढे घरात वास सुटला. शेजारी म्हणाले, उंदीर मेलाय. कपाटं सरकवली, उंदीर नाही, पण हिची देठ कापायची कात्री सापडली (जी हरवल्याबद्दल मी भरपूर बोलणी खाल्ली होती). प्लंबर म्हणाला, पाइप तुंबलाय. बाथरूमच्या फरशा फोडल्या, पाइप उघडला, लख्ख निघाला. शेवटी तो बाहेरच्या खोलीत नाक वर करून फिरला आणि निळ्या फुलदाणीपाशी थांबला. म्हणाला, "काका, वास इथनं येतोय." मी त्याला स्वयंपाकघरातली मोरी फोडायला सांगितली. ती उद्या फुटेल. आंघोळीला शेजाऱ्यांकडे जातो. बाकी सगळं ठीक आहे.

तुमचा मेहुणा

ता. क. वास निळ्या फुलदाणीचाच आहे. मला पहिल्यापासून माहीत आहे. काच गडद, आतलं कुणाला दिसत नाही, म्हणून निभावलं. तपासणीसाठी हॉस्पिटलला निघताना हिने तीत फुलं लावली आणि दारातून म्हणाली, "तुम्ही हात लावू नका हं. पाणी मी आल्यावर बदलीन." फुलांच्या काड्या झाल्या आहेत. पाणी मात्र तिने भरलेलं आहे, ताई. मला ते ओतवत नाही.

पुन्हा ता. क. तुम्ही या. तुम्ही थोरल्या, तुम्हाला ती काही बोलणार नाही. मी तेवढा वेळ जिन्यात उभा राहीन. फक्त मोरीत ओतू नका. मोरी तोवर फुटलेली असेल, त्यामुळे झाडालाच घालावं लागेल.