मुलींच्या संडासाचं कुलूप

१९ जून, गुरुवार

दुपारच्या सुट्टीनंतर सातवीचा वर्ग पुन्हा अर्धा रिकामा! खिचडी खाल्ली की पोरी घरी, त्या परत येतच नाहीत. वर्गशिक्षक शिवराज सर म्हणाले, "नगरपालिकेची शाळा ही, मॅडम. असंच असतंय इथं." मुख्याध्यापक होऊन मला इथं चार दिवस झाले नाहीत, आणि 'असंच असतंय' ऐकून कान किटले.

२३ जून, सोमवार

रुकसानाची आई हमिदाबी दाखला मागायला आल्या. वर्गातली सगळ्यात हुशार पोर! मी चिडलेच — सातवीत शाळा सोडवता? बाई शांतपणे म्हणाल्या, "मोठी झाली आता. जायला जागा न्हाय इथं. दुपारच्याला घरी येती, मग परत कशी यील? थोरली बी सहावीतून अशीच घरी बसली."

जागा नाही कशी? मागं मुलींचा नवाकोरा संडास उभा आहे की! जाऊन बघते तर दाराला हे भलंमोठं कुलूप. शिवराज सर म्हणतात, "तपासणी व्हायचीय. पोरी घाण करतील. साहेब येईस्तोवर राहू द्या."

हसावं की रडावं! हमिदाबींकडून महिनाभराची मुदत मागून घेतली.

२४ जून

कुलूप काढलं. शिवराज सरांनी तोंड फुगवलंय. फुगू दे.

२ जुलै, बुधवार

घाण झालीच. जिकडंतिकडं चिखलाचे पाय, आणि सफाईवाल्याचा पत्ता नाही. पदर खोचून मीच बादली घेतली. थोड्या वेळानं शिवराज सर दुसरी बादली घेऊन आले. माणूस वाईट नाही.

दुपारी सातवीचा वर्ग भरलेला! रुकसाना पहिल्या बाकावर. मी उगीचच दोनदा वर्गावरून चक्कर मारली. फार बरं वाटलं.

१४ जुलै, सोमवार

तपासणी. ओली फरशी बघून साहेबांनी नाक मुरडलं — नवं बांधकाम असं ठेवता? मी तोंड उघडायच्या आत शिवराज सरच बोलले, "वापरात आहे, साहेब." अहाहा! आता शेरा काय मारायचा तो मारोत.

२३ जुलै

मुदत संपली. शाळा भरायच्या आधीच हमिदाबी दारात. पण दाखल्याचं नावही काढलं नाही. मागं ओढणी सावरत उभ्या असलेल्या थोरलीला त्यांनी हाताला धरून पुढं केलं.

"हिला बी घ्या, मॅडम."